ओढून पाहिलेलं कुलूप

त्रिवेणी बिरादार घराला कुलूप लावते, किल्ली पर्समध्ये टाकते आणि मग त्या कुलपाला असा हिसका देते की कडीकोयंडा खणखणतो. समोरच्या अलकावहिनी स्वयंपाकघरातूनच म्हणतात, "निघाली बाई." काचीगुड्याच्या त्या गल्लीत काही घरांतला दुसरा चहा त्या खणखणाटावर चढतो.

हिसका बापाचा. दत्तोबा बिरादार मूळचे उदगीरकडचे. जमीन थोरल्या भावाच्या हाती देऊन हैदराबादेला आले आणि अफझलगंजात बारदानाचं दुकान टाकलं. रिकामी पोती घ्यायची, झटकायची, शिवायची, विकायची. पोती शिवता शिवता माणूस इथलाच झाला. बोली मात्र उदगीरचीच राहिली, त्यात 'हौ' आणि 'नक्को' तेवढे येऊन बसले, जसे पाहुणे येतात आणि जायचं नाव काढत नाहीत.

संध्याकाळी दुकान बंद केलं की दत्तोबा आपलं कुलूप ओढून बघत. तेवढ्यावर भागायचं नाही. घरी जाता जाता गल्लीतली इतरांची कुलपंही ओढत जायचे. त्रिवेणी शाळेतनं दुकानावर यायची आणि बापाबरोबर चालत घरी जायची. तिला लाज वाटायची.

"दादा, लोकाचं कामून ओढायलाव?"

"आपलं लागलंय हे ठाव हाय. लोकाचं कुठं ठाव हाय?"

एकदा मोईनुद्दीन अत्तरवाल्यांचं कुलूप ओढलं आणि ते हातातच आलं. घाईत नीट बसलंच नव्हतं. दत्तोबा कुलूप मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले. लेकीला म्हणाले, "तू जाय घरी." ती गेली नाही, बाजूला पोत्याच्या थप्पीवर बसली. निरोप गेला, मोईनभाई धावत आले, माणसं गोळा झाली. "दत्तोबा, आप हाथ कायकू लगाए?" असं पहिल्यांदा विचारलं गेलं. आभार नंतर, आणि तेही मोईनभाईंनी आत जाऊन बाटल्या तपासल्यावर. एकही बाटली गेलेली नव्हती.

घरी येताना गौलीगुडा ओलांडल्यावर दत्तोबा म्हणाले, "कुलूप उघडं हाय म्हणून सांगणारा माणूसच पैला चोर दिसतो बघ." दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी कुलपं ओढली. मोईनभाईंचं सगळ्यात आधी.

ही गोष्ट त्रिवेणी कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

तिचं स्वतःचं काम रेडिओचं. ऐकणारे पहिल्यांदा विचारतात, आकाशवाणीवर का? ती म्हणते, आकाशच, वाणी दुसरी. शिक्षण संपल्यावर काही वर्षं तिनं एका सरकारी प्रयोगशाळेत रडारची कामं केली. मग शहराबाहेर आदिबटल्याच्या बाजूला एक छोटी खाजगी कंपनी निघाली, तिथं गेली. कंपनी उपग्रह बनवते. पत्र्याच्या ट्रंकेएवढे. त्यांचा पहिला उपग्रह दोन वर्षांपूर्वी वर गेला. धरणं-तलावांचं पाणी वरून बघतो, म्हणून नाव ठेवलं टिटवी. दत्तोबांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "टिटवी? अपशकुनी नाव कामून ठेवलं बाप्पा?"

"पाण्याकाठचा पक्षी आहे दादा. राखण करतो."

"राखण करते म्हणूनच वरडती. वरडती म्हणूनच अपशकुनी."

टिटवी दिवसातून काही वेळा हैदराबादच्या आभाळातून जाते. या डोंगरामागून उगवते, त्या इमारतीमागे मावळते. मधल्या थोड्या मिनिटांत गच्चीवरचा ॲन्टेना तिच्याकडे तोंड करून फिरत राहतो, आणि जे काय बोलायचं-ऐकायचं ते तेवढ्यात. टिटवी जवळ येताना तिचा स्वर चढतो, लांब जाताना उतरतो, काचीगुडा स्टेशनातनं न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा. तो चढउतार धरून बसणारी यंत्रणा त्रिवेणीनं बांधलेली.

आता आभाळातल्या वस्तूला कुणी काय सांगावं, यालाही काही रीत लागते. खालून गेलेल्या प्रत्येक आज्ञेवर एक गुप्त शिक्का असतो. दर आज्ञेला नवा. कालची आज्ञा कुणी चोरून ऐकली आणि आज तशीच म्हणून दाखवली, तरी शिक्का जुना म्हणून टिटवी ढुंकून बघत नाही. पण कारखान्यात चाचण्या चालू असताना दर वेळी शिक्का मारत बसणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून अंगठ्याएवढे दोन प्लग केलेले. टेस्टचा प्लग लावला की उपग्रह शिक्का विचारत नाही, कुणाचंही ऐकतो. वर जायच्या आधी तो काढायचा आणि उड्डाणाचा बसवायचा. मग शिक्क्याशिवाय बोलणं बंद. दोन्ही प्लग दिसायला जुळे. ओळखू यावेत म्हणून टेस्टच्या प्लगला धातूचा बिल्ला लागणार होता. तो वेळेवर आला नाही, तेव्हा त्रिवेणीनं लाल मार्करनं त्यावर एक टिपका दिला आणि सगळ्यांना सांगितलं, लाल तो टेस्टचा.

यात काही चूक नव्हती. चूक झाली ती पूजेत.

टिटवी रवाना व्हायच्या दिवशी पूजा झाली. आपल्याकडे नवी स्कूटर पूजेशिवाय रस्त्यावर येत नाही, मग हा तर उपग्रह. नारळ फोडायला बाहेर, उदबत्ती बाहेर, कारण आत धूर चालत नाही. पण हत्यारं आणि सुटे भाग ताटात घालून बाहेर आणले, दसऱ्याला मांडतात तसे. "त्रिवेणीमॅडम, कुंकू तुम्ही लावा," सगळे म्हणाले. तिनं लावलं. पान्याला, पेचकसाला, पेटीला. ताटात दोन प्लग होते. त्यांनाही.

मग प्लग बसवायला गेला अप्पाराव. कंपनीतला सगळ्यात जुना तंत्रज्ञ. हात असा की पेच कसताना श्वासही धरून ठेवतो. तेलुगू माणूस, पण गौलीगुड्यात मराठी शेजाऱ्यांत वाढलेला. त्याचं मराठी त्रिवेणीला तिच्या पुण्याच्या साहेबांच्या मराठीपेक्षा जवळचं वाटायचं. अप्पारावनं ताटातला एक प्लग उचलला, स्पिरिटच्या फडक्यानं पुसला. लाल सगळं निघून गेलं. म्हणजे नुसतं कुंकू होतं, म्हणजे हा उड्डाणाचा. बसवला. दुसरा तसाच लाल ठेवून ड्रॉवरमध्ये टाकला.

टिटवी वर गेली. बोलली. ऐकली. सगळं छान चाललं.

दुसऱ्या उपग्रहाची चाचणी सुरू झाली, तेव्हा त्रिवेणीनं ड्रॉवरमधून तो लाल टिपक्याचा प्लग काढला. पांढरे हातमोजे घातलेले. प्लग चिमटीत धरला, फिरवून बघितला, आणि मोज्याच्या बोटावर लाल उमटलं.

ती बघत राहिली. मार्करची शाई कोरड्या बोटाला लागत नसते. तिनं बोट बोटावर घासलं. भुकटी.

तिनं अप्पारावला हाक मारली.

"हा प्लग बघ."

"टेस्टचा कदा, टेस्टचाच ना, अम्मा. लाल हाय."

"हात लाव."

त्यानं लावला. बोट बघितलं. मग तिच्याकडं बघितलं.

"त्या दिवशी दुसरा तू कशानं पुसला होतास?"

"स्पिरिटनं. परसों पूजा झाली ना, तवा." हैदराबादेत परसों म्हणजे काल सोडून मागचं काहीही, दोन वर्षंसुद्धा. "लाल सगळा गेला अम्मा. मी नीट पुसलो. दोनदा पुसलो."

"स्पिरिटनं मार्करपण जातो, अप्पाराव."

अप्पाराव खुर्चीत बसला. "अय्यो" एवढंच म्हणाला, तेही अगदी हळू.

तरी त्रिवेणीनं घाई केली नाही. कंपनीत टिटवीचं एक जुळं ठेवलेलं होतं, हुबेहूब तसंच, जमिनीवर सराव करायला. हातातला प्लग तिनं जुळ्याला लावला आणि बिनशिक्क्याची आज्ञा दिली. जुळं गप्प. शिक्क्याची दिली, उत्तर आलं. म्हणजे हातातला उड्डाणाचाच. मग वर कुठला आहे, हे सांगायला कुणी नको होतं.

आणि दोन वर्षं कुणाला कळलं का नाही? कारण ते सगळे इमानेइतबारे शिक्का मारूनच बोलत होते. दार उघडं असलं तरी किल्लीवाला किल्ली लावूनच आत जात होता. किल्लीनं दार उघडतं, हे रोज बघितलं गेलं. किल्लीशिवाय उघडत नाही ना, हे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्यासुद्धा. घराच्या कुलपाला रोज हिसका देणाऱ्या बाईनं हजारो मैलांची धाव घेणाऱ्या यंत्राला एकदाही हिसका दिला नव्हता.

शशिकांत साने मोहिमेचे प्रमुख. पुण्याचे. माणूस वाईट नाही. पहिल्या भेटीत त्रिवेणीचं बोलणं ऐकून म्हणाले होते, "तुमचं मराठी म्हणजे श्रीखंडाला बिर्याणीचं मिरचीका सालन." तिनं म्हटलं होतं, "खाऊन बघा सर, नुसतं श्रीखंड मळमळतं." तेव्हापासून दोघांचं बरं चालायचं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दार लावून घेतलं.

"तुम्हाला खात्री आहे?"

"नव्वद टक्के, सर. वर एक बिनशिक्क्याची आज्ञा पाठवते. नुसती 'ओ दे' म्हणून. काही बिघडणार नाही. ओ दिली तर दार उघडं."

"आणि ती नोंदीत राहील."

"राहील."

शशिकांत खिडकीपाशी गेले. "पुढच्या आठवड्यात पैसे लावणारे नवे लोक येतायत. त्यांची सुरक्षेची टीम. दुसरा उपग्रह त्यांच्या भरवशावर चाललाय, हे तुम्हाला सांगायला नको. आज माझ्याकडे काय आहे? एक शंका. शंका असणं हा काही गुन्हा नाही. उद्या तुम्ही पाठवलंत आणि उत्तर आलं, की ती शंका राहत नाही. मग मला ते सांगावं लागेल."

"हौ."

"अहो, कोण येणारे? आपली फ्रिक्वेन्सी कोणाला ठाऊक आहे?"

"सर, रेडिओ लपत नसतो. टिटवी रोज साऱ्या दुनियेवरून बोलत जाते. घराच्या गच्चीवर ॲन्टेना लावून उपग्रह ऐकणारी हौशी माणसं गावोगाव आहेत. ती बिचारी ऐकतात आणि खूश होतात. पण जो ऐकू शकतो, तो कधीतरी बोलूनही बघेल."

"गुपचूप दुरुस्त करू. वर काही न पाठवता."

"दुरुस्ती कशाची करायची, हे कुलूप ओढल्याशिवाय कसं कळणार? आणि उघडं असलं, तर ओढायच्या आधीपण उघडंच असतं की, सर."

मग शशिकांत मऊ आवाजात म्हणाले, "खूण तुमची. कुंकू तुमचं. नाव तुमचंच पुढं येईल, त्रिवेणी. दुसऱ्या उपग्रहाचं रेडिओचं सगळं काम तुमच्याकडं आहे. ते तसंच राहील, असं वचन मी देऊ शकणार नाही."

हे तिला आत येतानाच माहीत होतं. दुसऱ्या उपग्रहाचा रिसीव्हर तिनं पोरासारखा वाढवला होता. तिला अफझलगंजातली पायरी आठवली, बापाच्या मांडीवरचं कुलूप, आणि भोवतीची माणसं. त्या दिवशी बापाला कुलूप गुपचूप कडीला अडकवून निघून जाता आलं असतं. कुणी बघत नव्हतं. ती बघत होती, एवढंच.

"ओढू द्या, सर," ती म्हणाली.

शशिकांतनी मान हलवली. नाही की हो, ते कळेना. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या फेरीला. मी पण असेन."

बाहेर अप्पाराव उभाच होता. "माझं नाव सांगितली का?"

"नाही. टिपका माझा, कुंकू माझं."

"पुसलो कोण?" त्याला राग आला. "पुसलो मी. तीनात एक वाटा माझा हाय, अम्मा. सगळा तू एकटी नक्को घेऊ. मला रिटायर व्हायला थोडं राहिलं म्हणून भीक नक्को."

"बरं. घे तुझा वाटा."

"हां," म्हणाला, आणि जरा हलका झाल्यासारखा डबा उघडायला गेला.

सकाळच्या फेरीला पडद्यासमोर हर्षद होता. तरुण मुलगा, मराठी बोलतो पण वाचायला सांगितलं तर घाम फुटतो. टिटवी क्षितिजावर आली, ॲन्टेना वळला, नेहमीची किलबिल सुरू झाली. ती आपली तब्येत आपणच सांगत असते, बॅटरी किती, ऊब किती.

"शिक्का काढ," त्रिवेणी म्हणाली.

"मॅडम, सिरियसली? ऑफ करू?"

"कर. 'ओ दे' पाठव."

त्यानं पाठवलं. आणि टिटवीनं ओ दिली. लगेच, स्वच्छ, एखाद्या गुणी पोरीसारखी. ती ओ ऐकून खोलीतल्या कुणालाही बरं वाटलं नाही. शशिकांत बाहेर गेले आणि त्याच दुपारी त्यांनी नव्या लोकांना फोन करून सगळं सांगितलं. हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पलीकडून उत्तर आलं, आधी दुरुस्त करा, मग येतो.

टिटवी स्वतः पाळलेल्या आज्ञांचा आकडा ठेवते. तो खालच्या आकड्याशी जुळला. कुणी परकं येऊन गेलेलं नव्हतं. शशिकांतना बरं वाटलं. "बघा, कोणी आलंच नव्हतं."

त्रिवेणीनं हे घरी सांगितलं, तेव्हा दत्तोबा खाटेवर पडून होते. आता दुकानात ते क्वचितच जातात. लेकीचं काम त्यांना कधी नीट समजलं नाही, पण एवढं समजलं.

"मोईनभाईची एक बाटली गेली नव्हती."

"हौ, दादा."

"म्हणून उघडं ठेवाव का?"

वर जाऊन प्लग बदलता येत नाही. उपाय एकच. टिटवीच्या आतला प्रोग्रामच असा बदलायचा की प्लगकडं बघूच नको, काहीही झालं तरी शिक्का माग. सांगायला सोपं. पण नवा प्रोग्राम आत शिरताना अर्धवट राहिला किंवा कुठं चुकला, तर टिटवी कुणाचंच ऐकणार नाही. मग ती फिरत राहील वर्षानुवर्षं, आपली तब्येत सांगत, कुणाचं काही न ऐकता. उघडं दार की कायमचं भिंत झालेलं दार, असा सौदा होता.

जुळ्यावर पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग तुकड्या-तुकड्यानं, फेरीमागून फेरी, नवा प्रोग्राम वर गेला. त्या दिवसांत दुसऱ्या उपग्रहाचं काम तपासायला पुण्याहून सायली नावाची मुलगी आली. त्रिवेणीच्या कामावर सही तिची. त्रिवेणीनं आपलं टेबल अर्धं मोकळं करून दिलं. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत ती खण रिकामे करत राहिली. नंतर सायलीला दोन्ही प्लग दाखवले, आता त्यांना बिल्ले होते, आणि म्हणाली, "बिल्ल्यावर पण विश्वास ठेवू नको. लावून बघ."

मग ती सकाळ आली. नव्या प्रोग्रामला 'आता तू' म्हणून सांगून झालं होतं. टिटवी दमल्यासारखी क्षणभर थांबली, पुन्हा उठली, किलबिल सुरू झाली. जिवंत होती.

"आता बिनशिक्क्याची," त्रिवेणी म्हणाली.

हर्षदनं पाठवली. किलबिल चालू, पण ओ नाही.

"नथिंग, मॅडम."

"अजून एकदा."

ओ नाही. अप्पाराव भिंतीला टेकून उभा होता, हात छातीशी. शशिकांतनी घड्याळ बघितलं. आनंद कुणाला करता येईना, कारण याचे दोन अर्थ होते. टिटवी शहाणी झाली असेल. नाहीतर बहिरी झाली असेल. दोन्हीचं उत्तर बाहेरून सारखंच ऐकू येतं.

स्वर उतरायला लागला. टिटवी उत्तरेकडं कलली होती.

"शिक्का लाव. पाठव."

त्यानं पाठवलं.

किलबिल. किलबिल. आणि मग, जरा अडखळून, ओ.

अप्पाराव तेलुगूत काहीतरी म्हणाला, देवाला की टिटवीला ते समजलं नाही. शशिकांतनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्रिवेणीकडं बघून म्हणाले, "सालन चांगलं होतं." हर्षद टाळ्या वाजवायला उठला होता, त्याला त्रिवेणीनं खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"थोडं आभाळ बाकी आहे. शिक्का काढ. अजून एकदा ओढ."

"मॅडम, झालं की!"

"ओढ रे."

त्यानं बिनशिक्क्याची आज्ञा पाठवली. गच्चीवरचा ॲन्टेना हळूहळू खाली वाकत गेला, किलबिल बारीक होत होत खरखरीत मिसळली, आणि टिटवीनं शेवटपर्यंत ओ दिली नाही.